कपाटातल्या सात जणांनी काम थांबवलं

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी, दहिवडच्या हणमंत ढोणेच्या कपाटातल्या कंडोमच्या पाकिटाने काम बंद केलं आणि तसा लेखी अर्ज दिला. दहाच्या पाकिटात सात जण उरले होते. अर्जावर सातही जणांच्या सह्या होत्या.

अर्ज औषधाच्या दुकानातल्या कागदी पिशवीवर लिहिलेला होता. अक्षर बरं होतं. विषय असा : ‘चुकीच्या वापरामुळे होणाऱ्या दुर्घटना व त्यांचा ठपका आमच्यावर ठेवण्याबाबत.’

हणमंतचं नाक्यावर टायरचं दुकान. त्याने अर्ज दोनदा वाचला आणि बायकोकडे दिला. वैजयंताने तो भाकरी थापायचं थांबवून वाचला.

“यांचं म्हणणं ऐकून तरी घ्या,” ती म्हणाली.

“अगं, फाटले ते. मी काय केलं?”

वैजयंता पुन्हा भाकरी थापायला लागली. धाकट्या मुलीच्या वेळी तिचं बीपी इतकं चढलं होतं की ती वाचते की नाही अशी गत झाली होती. दोन वर्षं तरी दिवस राहू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि फेब्रुवारीत कंडोम फाटला. पाळी येईपर्यंतचे एकोणीस दिवस तिने कोणाला न सांगता काढले. विसाव्या दिवशी पाळी आली, आणि त्या दिवसापासून तिने आपलं अंथरूण मुलींच्या खोलीत घातलं. भांडण झालं नाही. ती फक्त तिकडे झोपायला लागली. हणमंतला भांडण परवडलं असतं.

सुनावणी गुरुवारी अकरा वाजता आरोग्य उपकेंद्रात ठेवली गेली. शेख सिस्टर तिथे बारा वर्षं होत्या. अशा अर्जांचा त्यांना सराव होता. त्यांनी दार लोटून घेतलं, नवराबायकोला खुर्च्या दिल्या आणि पाकीट टेबलावर मधोमध ठेवलं.

“अर्जदारांतर्फे कोण बोलणार?”

“मी,” पाकिटातून आवाज आला. बंद लिफाफ्यातून यावा तसा, बारीक पण स्पष्ट. “मी वरचा. बाकीचे घाबरलेत.”

“सावकाश बोला.”

“आमच्यातले तिघं गेले. पहिल्याला यांनी दातांनी उघडलं. वेष्टनाबरोबर तोही चिरला. दुसरा यांच्या पैशांच्या पाकिटात होता, मागच्या खिशात. चार महिने. हे दिवसभर त्याच्यावर बसत होते.”

हणमंतने नकळत खिसा चाचपला.

“आणि तिसरा?” सिस्टरनी विचारलं.

“तिसरा फेब्रुवारीतला. त्याला खोबरेल तेल लावलं.”

“सोपं जावं म्हणून लावलं,” हणमंत म्हणाला. मग वैजयंताकडे बघून हळूच, “तुला त्रास होऊ नये म्हणून.”

“हणमंतराव,” पाकीट म्हणालं, “आम्ही रबराचे आहोत.”

बाहेर लसीकरणाच्या रांगेत एक मूल रडत होतं. हणमंत टेबलाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“टायरला ऑइल लागलं तर मी गिऱ्हाइकाला उभा झापतो,” तो अखेर म्हणाला. “सोळा वर्षं झापतोय. रबर फुगतं, नरम पडतं, मग जातं. आणि मी घरी...”

“नोंद घेतली,” सिस्टर म्हणाल्या आणि खरंच घेतली. “तेल नाही, व्हॅसलीन नाही, मलम नाही. गरज असेल तर पाण्यापासून केलेलं जेल मिळतं. फाटल्यावर तुम्ही माझ्याकडे का आला नाहीत वहिनी? तीन दिवसांच्या आत घ्यायची गोळी असते. जितकी लवकर तितकी बरी.”

“लाज वाटली,” वैजयंता म्हणाली.

“आमच्या तिसऱ्यालाही वाटली असती,” पाकीट म्हणालं, “पण त्याला वेळ मिळाला नाही.”

पुढे प्रात्यक्षिक झालं. टेबलाच्या खणातून सिस्टरनी लाकडी नमुना काढला. सरकारी साठ्यातला एक जण प्रात्यक्षिकाच्या कामावर नेमलेला होता. तो शांत स्वभावाचा होता.

“आधी काय बघणार?” सिस्टरनी विचारलं.

“तारीख,” हणमंतने वाचली. “आहे अजून.”

“आता बोटांनी दाबा. आत हवा लागते? मग वेष्टन शाबूत आहे. कडेच्या खाचेतून फाडा. नखं जपून.”

त्याने फाडलं. मग तो नमुन्यावर उलटा ठेवला, आणि उलगडेना म्हणून पालथा करून पुन्हा ठेवायला गेला.

“थांबा,” सिस्टर आणि पाकीट एकदमच म्हणाले.

“उलटा टेकला तर तो गेला,” सिस्टरनी सांगितलं. “नवा घ्यायचा. आणि जवळ येण्याआधीच घालायचा, मध्येच आठवण झाली म्हणून नाही.”

साठ्यातला दुसरा जण आला. या वेळी हणमंतने सुलटा ठेवला, पण टोक चिमटीत धरायचं राहिलं. टोकात हवेचा फुगा उभा राहिला.

“द्या इकडे,” वैजयंता म्हणाली.

तिने तिसरा उघडला. कडा बाहेरच्या बाजूला आहे ना हे बघितलं, टोक चिमटीत दाबून हवा काढली आणि दुसऱ्या हाताने तळापर्यंत उलगडला. शिवणाच्या मशीनवर बसल्यासारखी ती एकाग्र झाली होती. हणमंत तिच्या हातांकडे बघत होता. इतक्या जवळून त्याने ते बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

“आणि नंतर?” सिस्टरनी विचारलं.

हे मात्र हणमंतला सुचलं. “ताठरपणा आहे तोवरच बाहेर यायचं. कडा बोटांनी धरून. नाहीतर आतच सुटेल.”

“गाठ मारून कागदात गुंडाळायचा,” पाकीट म्हणालं. “संडासात टाकायचा नाही. आमची तेवढी एक विनंती आहे.”

“मान्य,” हणमंत म्हणाला.

अर्ज मागे घेतला गेला. सिस्टरनी शिक्का मारला आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

रविवारी मुलींना मावशी दुपारच्या जेवणाला घेऊन गेली. वैजयंताने मागचं दार लावलं, हात धुतले आणि कपाट उघडलं. वरचा जण तयार होता. ती हणमंतला म्हणाली, “अहो, या इकडे. घाई करू नका.” त्याने घाई केली नाही. काहीही फाटलं नाही, सुटलं नाही. नंतर दोघं बराच वेळ पडून होती. वैजयंता कशावरून तरी हसायला लागली, आणि तिचं हसू थांबेना म्हणून तोही हसला. चार वाजता मुली आल्या तेव्हा चहा उकळत होता. त्या दिवसापासून तिचं अंथरूण पुन्हा आपल्या जागी आलं.

उरलेल्या सहांनीही आपलं काम चोख केलं. पाकीट रिकामं झालं त्या दिवशी हणमंतने दुकान अर्धा तास उशिरा उघडलं.

नवं पाकीट आणायला वैजयंता स्वतः औषधाच्या दुकानात गेली. दुकानदार तिची वाटच बघत होता. फळीवरच्या अकरा पाकिटांनी ढोणे यांच्या घरी नेमणूक मिळावी म्हणून अर्ज केले होते, आणि कोणाला पाठवायचं हे त्याला एकट्याने ठरवायचं नव्हतं. त्याने तिला बसायला स्टूल दिलं. वैजयंताने पिशवी मांडीवर घेतली आणि पहिल्याला बोलवायला सांगितलं. मुलाखती साडेबारापर्यंत चालल्या.