शिट्टीसाहेबांची रंगीत तालीम

"चार पिशव्या भरल्या आणि सुटलो, असली सहल आपल्या घरात होणार नाही!" शिट्टीसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर फाईल आपटली. आमटीची वाटी दचकली. "बेचाळीस पानं आहेत. मिनिटामिनिटाचा हिशेब. राजधानी आपल्याला बघून चकित होईल!"

शिट्टीसाहेब रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. दर तीन महिन्यांनी तिथे भोंगा वाजे, साहेब शिट्टी फुंकत आणि चारशे माणसं हातातलं काम टाकून मैदानात धावत. रांगेत उभी राहत, मोजली जात, आणि पुटपुटत परत जात. कारखान्याला आग कधीच लागली नव्हती आणि त्याचं सगळं श्रेय साहेब स्वतःकडे घेत. शिट्टी रविवारीही गळ्यात असे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं.

घरात माणसं चार. साहेब, त्यांची बायको, अकरा वर्षांची चिमी आणि साहेबांचे वडील, आबा.

राजधानी बघायची होती ती खरी आबांना. आबांनी गावच्या पोस्टात छत्तीस वर्षं पत्रं निवडली. समोर भिंतभर खण, हातात गठ्ठा, पत्ता वाचायचा आणि पत्र ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं. राजधानीचा खण डावीकडे सगळ्यात वर होता. तिथल्या गल्ल्या, चौक, बागा, दवाखाने सगळे आबांना तोंडपाठ, पण पाहिलेलं एकही नाही! "एकदा तिथलं मोठं पोस्ट आतून बघायचंय रे," ते म्हणत. "आपण इतकी वर्षं पाठवलेली पत्रं जात होती कुठे, ते बघायचंय." एवढी एकच इच्छा. बाकी राजवाडा, संग्रहालय, कारंजी वगैरे तुमचं तुम्ही बघा, म्हणायचे.

ही इच्छा ऐकून साहेबांनी दोन वर्षांपूर्वी फाईल उघडली होती. पहिल्या वेळी पर्यायी रस्ते राहिले म्हणून बेत पुढे ढकलला. दुसऱ्या वेळी कोणी हरवलं तर काय, हे प्रकरण अपुरं वाटलं. तिसऱ्या वेळी सगळं पूर्ण होतं, तर साहेबांना फाईलचा रंग आवडला नाही! पण आता मात्र तिकिटं काढून झाली होती. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, सकाळी सात पाचची गाडी.

"आणि त्याच्या आधीच्या रविवारी," साहेबांनी त्या रात्री बायकोला आणि चिमीला स्वयंपाकघरात बोलावून दबक्या आवाजात सांगितलं, "आपण रंगीत तालीम करणार आहोत."

"कसली?" बायकोने विचारलं.

"घरातून निघण्याची! सामान घ्यायचं, कुलूप लावायचं, स्टेशनच्या फाटकापर्यंत जायचं. तिथे मी शिट्टी वाजवीन, वेळ टिपीन, की परत. कारखान्यात आम्ही तालमीशिवाय एक पाऊल टाकत नाही."

"मग आबांना का नाही बोलावलंत?"

"आबांना सांगायचं नाही!" साहेबांचे डोळे चमकले. "सगळ्यांना ठाऊक असलेली तालीम म्हणजे नाटक. निदान एकाला तरी ती खरी वाटली पाहिजे, तरच वेळ खरी येते. आबांना आपण सांगायचं, तारीख आठवडाभर अलीकडे आली."

"अहो, म्हाताऱ्या माणसाला असं..."

"शास्त्र आहे ते!" साहेब म्हणाले. शास्त्रापुढे बायको काय बोलणार? तिने भांडी जरा जोरात घासली, एवढंच.

तालमीच्या रविवारी साहेब साडेपाचला उठले, तर आबा तयार होऊन खुर्चीत बसले होते. दाढी गुळगुळीत. निवृत्तीच्या समारंभानंतर पेटीत गेलेला काळा कोट अंगावर. बुटांना इतकी चकाकी, की चिमीने त्यांत बघून भांग पाडला.

"किती वाजल्यापासून बसलाय, आबा?" साहेबांनी विचारलं.

"आत्ताच," आबा म्हणाले. ते चारपासून बसले होते.

साहेबांनी घड्याळाची कळ दाबली. "निघा!"

सामान म्हणजे चार बॅगा. तालमीसाठी कपडे कशाला चुरगाळायचे, म्हणून साहेबांनी कारखान्यातून आग विझवायची वाळू आणून त्या खऱ्या सामानाच्या वजनाइतक्या भरल्या होत्या. अगदी तोलून! बायकोने दिवे घालवले, चिमीने "चार!" म्हणून माणसं मोजली, आबांनी कुलूप लावलं. एक मिनिट पन्नास सेकंद. साहेब खुशीत वळले आणि जिन्यावर त्यांचे पाय थिजले.

जिन्यात निम्मी इमारत उभी होती!

आबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना! समोरच्या मावशी, तळमजल्यावरचे मास्तर, दुकान न उघडता आलेला न्हावी, पेपरवाला, आणि आबांबरोबर रोज बागेत बसणारे तिघे म्हातारे. "राजधानीला चाललाय! नशीबवान आहात!" म्हणत जो तो आबांचा हात हातात घेत होता आणि आबा लग्नातल्या नवऱ्यामुलासारखे लाजत होते.

"माझी बहीण आहे तिथे," मावशींनी साहेबांच्या हातात पुडकं कोंबलं. "स्वेटर आहे. वर पत्ता लिहिलाय. एवढं पोचवा हं!"

"हो हो, पोचवतो की," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मास्तरांनी तोवर एक बॅग उचलली आणि त्यांचे डोळे बाहेर आले. "अहो, काय भरलंय काय हिच्यात?"

"कपडे," साहेब म्हणाले.

"लोखंडाचे?"

न्हाव्याने दुसरी बॅग जिन्यावरून ओढत नेली. तिची शिवण उसवली आणि पायरीपायरीवर वाळूची बारीक धार लागली. "वाळू सांडतेय हो!" पेपरवाला ओरडला.

"औषधी आहे," साहेबांच्या तोंडून निघालं. "गुडघ्यांसाठी. शेकायला."

सगळ्यांनी आदराने आबांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं, जरा गोंधळून.

खाली मास्तरांची गाडी तयार होती, न्हाव्याच्या मेव्हण्याची दुसरी. "स्टेशनच्या फाटकापर्यंतच बरं का!" साहेब तीनतीनदा बजावत होते. "छे छे, असं कसं!" म्हणत मंडळी फाटकातून थेट फलाटावर आली. साहेबांचा हात शिट्टीकडे गेला. आता वाजवायची, सांगून टाकायचं, हसं झालं तर होऊ दे! पण समोर आबा आपल्या तीन म्हाताऱ्यांना सांगत होते, "आल्यावर सगळं सांगतो रे. आधी पोस्ट बघणार." साहेबांची शिट्टी ओठांपर्यंत जाऊन परत आली.

तेवढ्यात सात पाचची गाडी लागली. फक्त दोन मिनिटं थांबणारी! "चला चला!" न्हाव्याने आबांना अलगद डब्यात चढवलं. मास्तरांनी वाळूच्या चार बॅगा धाडधाड आत फेकल्या. मावशींनी चिमीला ढकललं, आबांनी वरून सुनेला हात दिला, आणि फलाटावर एकटे उरलेल्या साहेबांना पेपरवाल्याने खांद्याने रेटा दिला.

"अहो थांबा, ऐका तरी! आम्हाला जायचं नाहीये!" साहेब ओरडले.

"रडताय काय असे लहान मुलासारखे, चार दिवसांत तर परत येणार!" मास्तर हसले. गाडी हलली. सगळ्यांनी रुमाल हलवले.

"चार!" चिमीने माणसं मोजली. सवयीने.

बायकोने साहेबांकडे एकदाच पाहिलं. त्या एका नजरेपेक्षा कारखान्याला आग लागलेली परवडली असती.

तासाभराने तिकीट तपासनीस आला. आबांनी कोट नीट केला आणि ऐटीत म्हणाले, "मुलाकडे आहेत. त्याचं सगळं व्यवस्थित असतं."

"मी... जरा बाजूला येता का?" साहेबांनी तपासनिसाला खुणावलं.

"बाजूला कशाला? तिकिटं दाखवा."

"तिकिटं आहेत. पुढच्या रविवारची."

"मग आज गाडीत कसे?"

डबा कान टवकारून बसला होता. साहेबांनी आवाज अगदी खाली आणला, पण आबांचे कान पोस्टातल्या शिक्क्यांच्या ठोक्यांनीही बिघडले नव्हते. "ही तालीम होती."

"कसली तालीम? नाटकाची?"

"सहलीची. म्हणजे आम्ही खरे निघालोच नव्हतो. फाटकावरून परत जायचं होतं. लोकांनी आत ढकललं हो!"

तपासनिसाने नोकरीत पुष्कळ सबबी ऐकल्या होत्या. ही नवीन होती. त्याने पेन बंद करून बॅगांकडे बोट केलं. "आणि हे सामान?"

"वाळू," चिमी म्हणाली.

डब्यात कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. साहेबांचे कान तापून लाल झाले. पण खरं संकट पुढेच होतं. आबा वळून त्यांच्याकडे बघत होते.

"म्हणजे आज आपण जाणारच नव्हतो?" आबांनी विचारलं.

"आज नाही, आबा. पुढच्या रविवारी. नक्की."

"सूनबाईला माहीत होतं? चिमीला?"

चिमीने मान खाली घातली.

"असं होय," आबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. रागावले नाहीत. रागावले असते तर साहेबांना हायसं वाटलं असतं! त्यांनी फक्त कोटाचं वरचं बटण काढलं, घरी पोचल्यावर काढतात तसं. साहेबांना इतकी लाज वाटली की बाकाखाली, वाळूच्या बॅगेमागे जाऊन बसावं. चारशे माणसांना ते चार मिनिटांत मैदानात आणत, आणि घरातल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी चारपासून कोट घालून खुर्चीत बसवलं होतं, वेळ खरी यावी म्हणून!

"दंडासकट पावती करावी लागेल," तपासनीस आता जरा मऊ आवाजात म्हणाला. "मधल्या स्टेशनापर्यंतची करू? तिथून परतीची गाडी मिळेल."

बेचाळीस पानांत याचं उत्तर नव्हतं. कपडे नव्हते, उतरायची सोय नव्हती, फाईलही घरी राहिली होती. साहेबांनी घसा खाकरला.

"राजधानी," ते म्हणाले. "चार माणसं."

आबांनी मान वळवली नाही. थोड्या वेळाने बटण मात्र परत लावलं.

राजधानीत दुपारी उतरल्यावर वाट दाखवली ती आबांनी. "इकडून गेलं की सराफ गल्ली. मग डोळ्यांचा दवाखाना. बघ, आहे की नाही?" प्रत्येक पाटी वाचून ते मोठ्याने हसत. मागून साहेब दोन हातांत दोन आणि दोन खांद्यांवर दोन बॅगा घेऊन वाळू सांडत चालले होते. ती फेकून द्यायची त्यांची तयारी नव्हती, कारखान्याचा माल!

चौक ओलांडला आणि समोर मोठं पोस्ट. दगडी, उंच, भलंथोरलं. आणि दाराला हे एवढं कुलूप.

"बंद?" साहेब किंचाळले. "बंद कसं असेल? माझ्या फाईलमध्ये लिहिलंय, एक चाळीस, मोठं पोस्ट, आतून पाहणे, पंचवीस मिनिटं!"

"बाबा, आज रविवार आहे," चिमी म्हणाली.

"आज आहे गं! पण आपण खरे येणार होतो ते पुढच्या..." साहेब मध्येच थांबले.

"पुढच्या रविवारी," बायकोने वाक्य पुरं केलं.

दोन वर्षं. बेचाळीस पानं. पर्यायी रस्ते, हरवलेल्या माणसाचं प्रकरण, आणि पोस्टात जन्म घालवलेल्या बापाला रविवारी पोस्ट दाखवायचा बेत! साहेब पायरीवर मटकन बसले.

"आबा, तुम्ही फाईल वाचली होतीत ना? तुमच्या लक्षात नाही आलं?"

"आलं की. पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

आबा त्यांच्या शेजारी बसले. "बोललो असतो तर तू पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं असतंस. आणखी दोन वर्षं. मला तेवढी उरलीत का, कोण जाणे. म्हटलं, बाहेरून तर बाहेरून!"

साहेबांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते वाळूवर ढकललं.

"उद्या सोमवार आहे," बायको म्हणाली. तिच्या हातात मावशींचं पुडकं होतं. "आणि हा पत्ता इथून दोन चौकांवर आहे."

मावशींची बहीण भली निघाली. चार अनोळखी माणसं आणि चार बॅगा वाळू तिने एका स्वेटरच्या बदल्यात घरात घेतल्या! साहेबांनी कारखान्यात फोन करून सांगितलं, उद्या येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कारण विचारलं गेलं, आणि पहिल्यांदाच त्यांनी कारखान्याला खरं सांगितलं नाही.

सोमवारी दहाला दार उघडलं. आबांनी खिडकीवरच्या बाईंना आपण कोण ते सांगितलं आणि बाईंनी सगळ्यांना थेट आतल्या दालनात नेलं. तिथे आता यंत्रं होती, पण यंत्राला न वाचता येणारी पत्रं अजून हातानेच निवडत. बाईंनी गंमत म्हणून एक गठ्ठा आबांपुढे ठेवला. आबांनी चष्मा चढवला. गिचमिड अक्षर, अर्धे पत्ते, पुसलेली शाई! हात असे चालले की आजूबाजूची माणसं कामं सोडून गोळा झाली. एका तासात गठ्ठा संपला, आणि मग दुसरा मागितला तो आबांनी.

"कमाल आहे बाबा तुमची!" बाई म्हणाल्या. "या वयात एवढ्या लांब आलात. कोणी आणलं?"

आबांनी मागे वळून शिट्टीसाहेबांकडे बोट दाखवलं. साहेब कालच्याच शर्टात, विस्कटलेल्या केसांनी, भिंतीला टेकून उभे होते.

"हा माझा मुलगा," आबा सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले. "यानेच आणलं. फार हुशार हो! दोन वर्षं खपून सगळं आखलं त्याने. एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही."

सगळे कौतुकाने साहेबांकडे बघू लागले. बायकोने पदर तोंडाला लावला. साहेबांनी कोणाच्याच नजरेला नजर दिली नाही. ते खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधू लागले, जी सुटलेली नव्हती.