लांडग्याची बाजू

झुंबरच्या घरी फ्रीजमधला डबा विचारल्याशिवाय उघडू नये. मी एकदा उघडला. डबा श्रीखंडाचा, दिवस उन्हाळ्याचे आणि घर शेजारचंच, मग संकोच कसला? आत लांडग्याची विष्ठा निघाली. वर चिठ्ठी लावून तारीख, वेळ, सगळं झकास अक्षरात लिहिलेलं.

"दादा, हात नका लावू! अभ्यास हाय त्यो माजा!" झुंबर आतून ओरडत आला. लांडग्यानं काय खाल्लं हे त्याला विचारायची सोय नाही, म्हणून हे असं बघावं लागतं, असं त्यानं मला शांतपणे समजावलं. वर म्हणतो, "श्रीखंड पायजे हुतं का? आनतो की." त्या दिवसापासून मी श्रीखंड सोडलं ते सोडलंच.

कर्जतच्या माळावर लांडग्यांचा अभ्यास करून हा डॉक्टर झाला. डॉक्टर म्हटल्यावर गावानं म्हशी आणून त्याच्या दारात बांधल्या. एकीचं पोट फुगलेलं, दुसरी दूध देईना. तो जीव तोडून सांगायचा, "आवो, मी त्यातला डाक्टर न्हाई." मग लोक म्हणायचे, "बरं, मग मानसांचा का?" आणि आपली कंबर कुठं दुखते ते सांगत बसायचे.

लहानपणापासून हे असंच. शाळेत कंपासपेटीत सरडा. गुरुजींनी छडी उगारली तर म्हणतो, "गुर्जी, त्याची बाजू ऐकली का? भाईर ऊन लई हाय." हेच त्याचं पालुपद. कुत्रं चावलं, त्याची बाजू ऐकली का? उंदरानं पोतं कुरतडलं, त्याची बाजू ऐकली का? माझ्या सासूबाईंना गांधीलमाशी चावली तेव्हाही त्यानं माशीची बाजू मांडली. ती मात्र मला पटली.

त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसून राहुरीकडं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. झुंबर नावाला चुलत्याकडं असायचा, पण दिवसभर आमच्या गोठ्यात. माझी आई त्याला भाकरी द्यायची, त्यातली अर्धी करडं खायची. शिमगा सरला की रोज दिवस कलल्यावर तो फाट्यावर जाऊन बसायचा. एका साली ट्रकमधून बाप एकटाच उतरला. आई तिकडंच, उसाच्या फडात, तापानं गेली होती. त्यानंतरही महिनाभर पोरगं रोज फाट्यावर जात होतं. आम्ही मोठी पोरं त्याला येडा म्हणायचो. देवा, काय अक्कल होती आमची!

गेल्या हिवाळ्यात लांडग्यानं माझ्या दोन शेळ्या नेल्या. एक गाभण होती. माझं डोकंच फिरलं. माळावरच्या ओघळीत लांडगिणीनं पिल्लं घातली होती हे गावात सगळ्यांना ठाऊक. पिल्लं आत असताना बिळाचं तोंड दगडांनी बुजवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आम्ही चौघं पहारी घेऊन, दगड उचलून निघालो.

बिळापासून लांब, एका बाभळीखाली झुंबर दुर्बीण घेऊन बसलेला. "झुंबर, आज तुझी बाजूबिजू काय बी ऐकायची न्हाई," मी आधीच दम भरला.

तो पालुपद म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यानं नुसती वही पुढं केली. आत इंग्रजीतलं काहीतरी अवघड असेल असं मला वाटलेलं. पण साधं मराठी होतं.

'आई गेली, ५.१०. पिल्लं दारात बसली.'

'आई आली नाही. पिल्लं दारातच.'

'आई आली, ७.००. पिल्लं पळत गेली.'

पानं उलटली. पानोपानी हेच.

"लांडगीन लिहायचं सोडून आई काय लिहितोस रे?" मी दरडावलं.

"दुसरं काय लिहू, दादा?" तो खाली बघून म्हणाला. "तुमची बाजू खरी हाय. त्या शेळ्या माज्या बी अंगावर खेळलेल्या. दगूड लावायचा तर लावा, मी चौघांना अडवू शकत न्हाई. पर ती भाईर गेलीया. तेवढी यिऊ द्या. वाट बगत बगत कुनी मरू नये."

मला फाटा आठवला. हातातला दगड मी खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी मांडी घातली. बाकीचे तिघं मला शिव्या घालत माघारी गेले. माझ्या शेळ्या, त्यामुळं त्यांचाही इलाज चालेना.

उन्हं उतरली तशी ती आली. तोंडात काहीतरी होतं. माझ्याच शेळीचं असेल, असेना का. पिल्लं एकमेकांवर कोलमडत तिच्याकडं धावली.

झुंबरनं पेन उघडलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा नेलं. डोळे इतके भरलेले की काटे दिसेनात.

"सव्वासहा झालेत," मी म्हणालो. "लिही, आई आली."