दाराकडे तोंड करून बसणाऱ्या निगुडकरताई

एक प्रसंग सोडला, तर निगुडकरताईंना मी कधी दाराकडे पाठ करून बसलेलं किंवा उभं राहिलेलं पाहिलं नाही. वर्गात नाही, देवळात नाही, लग्नाच्या पंगतीत तर नाहीच नाही.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न धारला होतं. देवासहून आम्ही दोघी बरोबर गेलो. कार्यालयात शिरल्यावर माणसं नवरीची साडी बघतात. ताईंनी विचारलं, "मागचं दार कोण बघतंय?" कोणीच बघत नव्हतं. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि स्वतःच त्या दारात जाऊन बसल्या. मुहूर्ताच्या जरा आधी नवरदेवाचे मामा पान खायला बाहेर निघाले, तर ताईंचा हात आडवा.

"भिया, कुठे निघालात? कोणाला सांगून आलात?"

मामा चांगले साठीचे, मिशा पिळलेले. पण ताईंच्या आवाजात असं काही होतं की ते शाळकरी पोरासारखे म्हणाले, "बस, ठेल्यापर्यंत. आत्ता येतो."

"या. पण एकटे नका जाऊ."

आणि मामा खरोखरच कोणाला तरी बरोबर घेऊन गेले!

देवासच्या ज्या खाजगी शाळेत मी हिंदी शिकवते, तिथे ताई विशेष मुलांचा वर्ग सांभाळत. पाच-सहा वर्षांची पोरं. कोणी बोलत नसे, कोणाचा चालताना तोल जाई, कोणाला मोठा आवाज सहन होत नसे. ताईंचं घराणं पिढ्यांपूर्वी मराठी राजांच्या दरबाराबरोबर इकडे हिंदी मुलखात आलेलं. त्यामुळे एकाच वाक्यात 'तीर्थरूप' आणि 'अरे यार' दोन्ही यायचं. वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्या 'राजे' म्हणत. "राजे, नाक पुसा." "राजे, बूट उलटे घातलेत आपण." लग्न केलं नव्हतं. भाऊ गेल्यापासून घरात एकट्याच होत्या.

एकदा सहल ठरली. आदल्या रविवारी ताई त्या बागेत जाऊन आल्या आणि तिथल्या माळ्याने ती गोष्ट पुढे आम्हाला रंगवून सांगितली. ताई म्हणे साडी खोचून गुडघ्यांवर चालत अख्खी बाग हिंडत होत्या. माळी धावत आला. "मॅडम, कुछ गिर गया क्या?"

"अभी नहीं गिरा, भिया. तेच बघतेय."

मुलाच्या उंचीवरून काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. कारंज्याच्या कठड्याला एक फट होती, ती त्यांना गुडघ्यांवरूनच दिसली. सहल दुसरीकडे नेली. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरधरून हसलो. ताईही हसल्या, गुडघ्यांना तेल चोळत.

त्यांच्या वर्गात अथर्व नावाचा मुलगा होता. बोलत नसे, कोणाकडे बघत नसे. त्याला एकच वेड, पाण्याचं. नळ दिसला की हा सुटलाच. त्याच्यापायी ताईंनी वर्गाबाहेरच्या नळाची चावी काढून पर्समध्ये ठेवली होती. आम्हाला हात धुवायला वरच्या मजल्यावर जावं लागे.

त्या वर्षी वार्षिकोत्सवात ताईंच्या मुलांना पहिल्यांदा स्टेज मिळालं. त्यासाठी ताई किती वर्षं भांडत होत्या! मुलांनी कागदाची सूर्यफुलं घेऊन उभं राहायचं आणि गाणं संपताना फुलं वर करायची, एवढंच काम. पण सकाळीच प्राचार्यांनी वर्गाच्या आयाला, रेखाबाईला, मोठ्या मुलींना साड्या नेसवायला पाठवून दिलं. ताई तरातरा त्यांच्याकडे गेल्या. मी तिथेच होते.

"सर, रेखा नाही तर मुलांच्या मागे कोण थांबणार?"

"मॅडम, एक दिन की तो बात है. नहीं जम रहा तो आपका आइटम अगले साल रख लेते हैं."

एरवी ताईंनी शाळा डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी हळूच म्हणाल्या, "नहीं सर. जमा लेंगे."

लाउडस्पीकर सुरू झाला तसे अथर्वने कान घट्ट दाबून धरले. तो काही स्टेजवर जाईना. ताईंनी त्याला विंगेत, आपल्या पायाशी बसवलं. गाणं संपलं, सूर्यफुलं वर गेली. एकाने आपलं फूल शेजारणीच्या डोक्यावर ठेवलं. समोर बसलेले आईबाप रडत होते, हसत होते. ताई मागच्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. मी समोरच्या विंगेतून बघत होते. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिला नव्हता.

टाळ्या थांबल्या. त्यांनी खाली बघितलं. अथर्व नव्हता.

ताई अनवाणी पळाल्या. वर्ग, नळ, टाकी, सगळं शोधून झालं. फाटक उघडं होतं, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी. समोर ट्रकांचा रस्ता. पलीकडे गाड्या धुण्याचं दुकान होतं, तिथे पाइपच्या धारेखाली अथर्व बसला होता. नखशिखांत भिजलेला, हसत. दुकानवाला म्हणाला, "इतना खुश था, मैंने सोचा यहीं पास का बच्चा होगा." तो रस्ता त्या पोराने एकट्याने कसा ओलांडला, ते कोणालाच कळलं नाही.

मूल सुखरूप मिळालं. बाकी काही सुखरूप राहिलं नाही.

ऑफिसात अथर्वच्या आईवडिलांसमोर प्राचार्य म्हणाले, आया जागा सोडून गेली होती. ताईंनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "रेखाला पाठवलं होतं. मी गप्प बसले. आणि अथर्व माझ्या पायाशी होता. मी स्टेजकडे बघत होते."

वडिलांनी मुलाचं दप्तर उचललं. नवीन सत्रात 'जिम्मेदारी कौन लेगा' म्हणून तो वर्गच बंद झाला. काही मुलं घरी बसली. त्या खोलीत आता जुने कॉम्प्युटर पडलेले असतात. ताईंनी त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडली. अथर्वच्या वडिलांची बदली धारला झाली, एवढं कानावर आलं.

मागच्या हिवाळ्यात मी माहेरी निघाले होते. इंदूरला धारची बस धरली, तर आत ताई! केस ओले, अंगाला क्लोरिनचा वास.

"ताई, हे काय?"

"पोहायला शिकतेय," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "बायकांची बॅच असते. शिकवणारी कॉलेजातली पोरगी आहे. 'आंटी, साँस छोड़ो, आंटी, साँस छोड़ो' करून ओरडत असते. आता येतं मला. इकडून तिकडे जाते."

"पण या वयात कशाला?"

"त्याला पाणी हवं होतं गं. मी नळ बंद करत बसले. कोणीतरी त्याच्याबरोबर पाण्यात उतरायला हवं होतं."

अथर्वला पोहायला नेऊ का, हे त्याच्या आईला विचारायला त्या चालल्या होत्या. एकटीला धीर होईना म्हणून मला बरोबर चल म्हणाल्या. मी गेले.

आईने चहा केला. सगळं ऐकून घेतलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "ताई, तुमच्यावर गुस्सा नाहीए आता. सच सांगते. पण भीती जात नाही. याच्या बाबांना तर मी विचारूही नाही शकत."

ताईंनी मान हलवली. आग्रह केला नाही. फक्त म्हणाल्या, "थोडा वेळ त्याच्याजवळ बसू का?"

अथर्व मागच्या अंगणात नळाशी होता. बराच उंच झाला होता. कुठल्याच शाळेत जात नव्हता. ताई चांगल्या साडीनिशी त्या ओल्या फरशीवर बसल्या. तो मग्गा भरून ओतत होता, पुन्हा भरत होता. ताईंनी धारेखाली हात धरला. त्याने तो हात नुसता बाजूला सारला, वाटेत आलेली वस्तू सारावी तसा, आणि पुन्हा ओतू लागला. ताई तरीही बसून राहिल्या.

मी माहेरी राहणार होते. त्यांना परतीच्या बसमध्ये बसवायला स्टँडवर गेले. साडी अजून ओलीच होती.

"त्याने ओळखलं नाही मला," ताई म्हणाल्या.

ड्रायव्हर चढला, बस सुरू झाली.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "ओळखलं असतं, तर त्याला त्या दिवशीचा सगळा गोंगाट आठवला असता."