चार राबांचे येसबा तात्या

येसबा तात्या स्वतःचं डोकं स्वतःच भादरत. शहरातल्या वाचकाला यात काही विशेष वाटणार नाही. पण मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेल्या आमच्या वाडीत दर पंधरवड्याला रामा न्हावी येऊन पिंपळाखाली बसत असे. तो तिथं बसलेला असताना एखाद्यानं घरात कडी लावून आपल्याच डोक्यावर वस्तरा चालवावा, हे कुणी पाहिलं नव्हतं. वस्तराही मोडक्या विळ्याचं पातं घासून घरीच केलेला. पुढचं डोकं त्यांना बरं जमे. मागचं सगळं हाताच्या अंदाजानं. त्यामुळं मागून त्यांचं डोकं अर्धवट भाजलेल्या राबासारखं दिसे. राब म्हणजे भाताची रोपं करण्यासाठी पालापाचोळा घालून भाजलेला वाफा. कुठं काळं, कुठं पांढरं, मध्येच एखादं झुडूप राहून गेलेलं.

सुगीत रामा खळ्यावर बलुतं मागायला आला की तात्या त्याला वर्षाचा वाटा भरपूर घालत. रामाला हेच लागे. न केलेल्या कामाचं धान्य म्हणजे भीक, असं त्याचं म्हणणं. एकदा तो चावडीवर येऊन म्हणाला, "ह्यो माणूस माज्या पोटावर न्हाई, माज्या हातावर पाय देतोय." पंचांनी तात्यांना बोलावून विचारलं. तात्या म्हणाले, डोकं माझं, वस्तरा माझा, रक्त निघालं तर तेही माझंच. पंचांनी रामाचीच समजूत घालून त्याला परत पाठवलं.

डोकं हा नुसता नमुना झाला. तात्या घायपाताचा वाख काढून स्वतः दोर वळत, पावसासाठी इरली विणत, जोडे शिवत, गाईचं अडलेलं वेत सोडवत. एकदा खांदा निखळला तर दाराच्या चौकटीला रेटून त्यांनी तो परत बसवला आणि मग चौकट ढिली झाली म्हणून तीही दुरुस्त केली. घरात राखेत कालवलेलं बी दुध्याच्या कवट्यांत भरून, तोंडं शेणानं लिंपून, ओळीनं टांगलेलं असे. दोन वर्षं पाऊस पडला नाही तरी पुरेल एवढी नाचणी कणगीत असे. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं : "हाय घरात." दाभण? हाय घरात. सर्पदंशाची मुळी? हाय घरात. वाडीतली पोरं एकमेकांना विचारत, "तात्याच्या घरात बायको हाय का?" आणि हसत. ती नव्हती. तिची गोष्ट पुढं सांगतो.

एकादशीला आम्ही उपास करायचो, तात्या उजव्या हाताला उपास घालायचे. त्या दिवशी सगळी कामं डाव्यानं. खुरपणं डाव्यानं, लाकडं फोडणं डाव्यानं. म्हणत, "उजवा गेला तर डाव्याला आदी सांगून ठिवल्यालं बरं."

लढाईच्या वर्षांत रॉकेल मिळेनासं झालं, काड्याची पेटी दिसेनाशी झाली. तेव्हा सगळी वाडी त्यांच्या दारात उभी राहिली. करंजाचं तेल, चकमक, कापसाचा पेटता काकडा, जे लागेल ते त्यांनी दिलं. पण परत काही घेतलं नाही. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालूनच पाठवतात. तात्यांकडं गेलेली वाटी लाडवासकट जाई आणि लाडवासकट परत येई. बाया फार दुखावत. माझी बायको म्हणे, "ह्यो माणूस मेला तर देवालाबी म्हनंल, बसायचं घोंगडं घरनं आनलंय."

हे सगळं मी चांगलं सांगतो, असं लोक म्हणतात. तात्यांची नक्कल वाडीत माझ्याइतकी कुणालाच जमत नसे. मी शाळेत मास्तर, घरची थोडी शेती. चावडीवर संध्याकाळी माणसं जमली की मला आग्रह होई आणि मी मान वाकडी करून, डोक्यामागं हात नेऊन, वस्तरा चालवून दाखवी. माणसं लोळत. तेवीस वर्षं मी हे केलं. आता कबूल करतो, की तात्या असे का झाले हे त्या चावडीवर फक्त मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी सगळ्यांत मोठ्यानं हसत होतो.

तात्यांची सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे त्यांची भातलावणी. लावणी एकट्याचं काम नाही. रोपं एकदम तयार होतात, चार-सहा दिवसांत ती उपटून चिखलात लावली नाहीत तर जून होऊन वाया जातात. म्हणून आमच्याकडं सावड असते : आज सगळ्यांनी माझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी तुमच्या. तात्या सावडीत नसत. ते एकाऐवजी चार राब भाजत आणि आठ-आठ दिवसांच्या अंतरानं बी टाकत, म्हणजे रोपं थोडी थोडी तयार होतील आणि एकट्याला झेपतील. त्यांचं भात जिन्याच्या पायऱ्यांसारखं दिसे. एक तुकडा गुडघ्याएवढा, शेजारचा वीतभर. येणारे जाणारे थांबून बघत आणि हसत.

तर तात्या सावडीतून बाहेर पडले, त्या सालाचं सांगतो. मी बावीस वर्षांचा होतो. लिहिता वाचता येत होतं, म्हणून सावडीच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडं होतं. तेव्हा तात्या सावडीत होते आणि पाळी त्यांची होती. माझं लग्न मार्गासनीत ठरलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांचा निरोप आला, की बैल आजारी पडून बसलाय, रोपं जून होताहेत. पाळी कुणाची हे कुणाला न सांगता मी आठ माणसं आणि तीन बैलजोड्या घेऊन खाली गेलो. तात्यांना, कुठं जातो ते न सांगता, म्हटलं, उद्या येतो. खाली माझं कौतुक झालं. जावई आत्ताच असा, तर पुढं कसा. मी आणखी दोन दिवस राहिलो.

वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, नुकत्या तापातून उठल्या होत्या. ते तीन दिवस तात्या आणि त्या, दोघंच, पावसात लावत राहिले. चौथ्या दिवशी वहिनींना पुन्हा ताप भरला. गौरी बसायच्या आत त्या गेल्या. लोक म्हणाले हिवताप. हिवतापानं त्या साली पुष्कळ माणसं गेली, हेही खरं. मी या खऱ्याचा खूप वर्षं आधार घेतला.

परवाच्या आषाढात तात्या बांध रचत होते. दगड निसटून उजव्या हाताची तीन बोटं चेचली. त्यांनी बांबूच्या काड्या लावून हात बांधला आणि तिसरा राब तयार होता म्हणून खाचरात उतरले. मी वाटेनं शाळेत चाललो होतो. इतक्या एकादश्या घालवून तयार केलेला डावा हात उपयोगी पडत नव्हता, कारण लावणीला एका हातात रोपांची मूठ लागते आणि दुसऱ्यानं लावायचं असतं. तात्यांनी मूठ दातांत धरली होती.

मी धोतर खोचलं आणि समोरच्या बाजूनं लावायला सुरुवात केली. त्यांनी थांब म्हटलं नाही. दुपारपर्यंत आम्ही हातभर अंतरावर आलो. तेव्हा मी म्हणालो, "तात्या, त्या साली पाळी तुमची हुती. सावड म्या खाली नेली."

त्यांनी दातांतली मूठ काढून काखेत धरली. "ठावं हाय."

"कवापासनं?"

"तवापासनंच. हितनं खालची वाट दिसती की. तुमी गानी म्हनत चालला हुता."

मी हातातली रोपं लावत राहिलो. तेच पुढं म्हणाले, "तुजी वैनी म्हनली, पोराचं लगीन ठरलंय, सासऱ्यापुढं मोटं व्हायाचं वय हाय. बोलू नगा, लाजंल."

"मग पुना सावडीत का न्हाई आला?"

"आलो आस्तो तर माज्या पाळीला तुला ह्याच खाचरात यावं लागलं आस्तं. लावनीत समद्यांचीच मान खाली आस्ती, पर तुजी येगळी दिसली आस्ती." मग ते जरा हसले. "पैल्यांदा रागबी हुता, इष्णू. न्हाई कशाला म्हनू? मग राग गेला, सवय ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी सावड माझ्या खाचरात होती. सकाळी बघतो तर तात्या बांधावर उभे. माणसं कुजबुजली. तात्या एवढंच म्हणाले, "काल तू आलतास," आणि चिखलात उतरून डाव्या हातानं मुठी पोचवायला लागले.

दुपारी बांधावर सगळे जेवायला बसलो. घरी एकट्यानं ते डाव्या हातानं खात असतील, पण चार माणसांत डावा हात ताटाला कसा लावायचा? भाकरी समोर ठेवून ते नुसते बसले. माझ्या बायकोच्या ते ध्यानात आलं. ती काही न विचारता त्यांच्यापुढं बसली, भाकरी कालवणात कुस्करली आणि लहान पोराला भरवावं तसे घास त्यांच्या तोंडाजवळ नेऊ लागली. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी तोंड उघडलं.

चार घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "तू मार्गासनीची ना गं, पोरी?"

"व्हय की."

"तुज्या बापाचं भात त्या साली चांगलं आलं का?"

"कंच्या साली?" ती म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडं वळून म्हणाले, "आसंच इचारलं. आजून वाईच कालवण घाल."

ती पातेलं घ्यायला उठली. तिला मी अजूनही काही सांगितलेलं नाही. भात चांगलं आलं होतं. मार्गशीर्षात आमच्या लग्नात तेच शिजलं, आणि त्या पंगतीला तात्याही बसले होते.