आकडेवाला वॉकमन

टेप घ्यायला परभणीला एकट्यानंच जायचं, बायकोला सोबत न्यायचं नाही, असं रंगनाथनं शुक्रवारी सकाळच्या चहाला ठरवलं. कारण एवढंच, की सत्यशीला सोबत असली की दुकानदार तिच्याशीच बोलतात. ती जिंतूरच्या शाळेत मास्तरीण, हा येलदरी धरणाच्या कचेरीत कारकून. मागच्या खेपेला पंखा घ्यायला गेले, तर दुकानदारानं रंगनाथला बसायला स्टूल दिलं आणि पंखा तिला दाखवला. (निघताना पंखा मात्र रंगनाथच्या डोक्यावर दिला.)

"जा की एकटे," सत्यशीला म्हणाली. "पण एक ध्यानात ठिवा. रेकॉर्डिंग होणारा पायजे. आबांचं गाणं भरून घ्यायचंय."

मग तिनं एका चिठ्ठीवर 'रेकॉर्डिंग' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि चिठ्ठी त्याच्या खिशात घातली.

आबा म्हणजे तिचे वडील लिंबाजी, चारठाण्याचे. उभा जन्म जलशात गेलेला. त्यांचा आवाज असा, की भोंगा बंद पडला तरी मागच्या रांगेला पत्ता लागत नसे. नामांतराच्या मोर्चात तर ते गायला लागले की बंदोबस्तातला पोलीसही काठीनं ठेका धरायचा. आता त्या घशात गाठ झाली होती आणि येत्या गुरुवारी औरंगाबादला ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, "गाठ नक्की जाईल. आवाजाचं काही सांगता येत नाही."

"मंग असं करा, गाठ बी ऱ्हाऊ द्या अन् आवाज बी ऱ्हाऊ द्या," लिंबाजी म्हणाले होते. पण लेक रडली तेव्हा ते ऑपरेशनला कबूल झाले. त्याआधी रविवारी जिंतूरला लेकीकडं येऊन गाणी म्हणायची आणि ती टेपमध्ये भरून घ्यायची, असं ठरलं.

शनिवारी रंगनाथ परभणीत मुनीरभाईंच्या टेप-रेडिओच्या दुकानात पोचला. मुनीरभाईंनी आधी एक मोठा टेप दाखवला, चुलीएवढा. मग दुसरा दाखवला, दोन चुलींएवढा. आणि मग काचेच्या कपाटातून त्यांनी साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा वॉकमन काढला. त्याला एक इवलीशी खिडकी होती आणि खिडकीत हिरवे आकडे.

"डिजिटल है, साब. टैम दिखता, रेडिओ के नंबर दिखते."

रंगनाथ आकड्यांतला माणूस. धरणातल्या पाण्याची पातळी रोज रजिस्टरात चढवून त्याला आकड्यांची माया जडली होती. त्यानं डोक्यावर पट्टी चढवली आणि कानांवर स्पंजाचे दोन पेढे बसवले. मुनीरभाईंनी कव्वालीची कॅसेट घालून बटन दाबलं.

आणि रंगनाथ गेला! उजव्या कानात टाळ्या, डाव्या कानात पेटी, मधोमध आपण. आजवर त्याच्या डोक्यात मधोमध एवढं काही घडलं नव्हतं.

मुनीरभाई धंद्याला प्रामाणिक. त्यांनी विचारलं, "साब, ये खाली बजता. इसमें रेकार्डिंग नै होता. चलेगा क्या?"

कव्वाली ऐन रंगात आलेली. रंगनाथनं मान डोलावली.

"रेकार्डिंग नै होता, हाँ! बादमें बोलना नै!"

रंगनाथनं पुन्हा मान डोलावली. वर "वा!" म्हणाला.

दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी हे ऐकलं. ऐकलं नाही ते एकट्या रंगनाथनं. मुनीरभाईंनी खुशीनं कव्वालीची कॅसेट फुकट दिली.

परतीच्या एसटीत तो पट्टी लावूनच बसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं "काय हाय हे?" असं नुसतं बोटानं विचारलं, तर हा "डिजिटल!" असा ओरडला की ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला.

"डिजिटलला थांबा न्हाई ह्या गाडीला," कंडक्टर म्हणाला. "जिंतूरलाच उतरा."

घरी आल्यावर हातपाय धुताना खिशातली चिठ्ठी खाली पडली. दोन रेघांचं 'रेकॉर्डिंग'. रंगनाथनं वॉकमन उलटा केला, सुलटा केला. वाजवायचं बटन होतं, थांबवायचं होतं, पुढं-मागं न्यायचं होतं. आवाज भरून घ्यायचं बटन काही सापडेना. त्यानं चिठ्ठीची घडी घालून ती पुन्हा खिशात खोल कोंबली.

"मिळाला का?" सत्यशीलेनं सैपाकघरातून विचारलं.

"मिळाला की! डिजिटल हाय."

"भरून घेता येतं नं?"

"सगळं येतं," रंगनाथ म्हणाला. (खोटं बोलायचं तर हात आखडता कशाला घ्यायचा?)

त्यानं मनाशी बेत केला. आबांना गाऊ द्यायचं, चाकं फिरती ठेवायची, आणि मग कॅसेटमधली फीत अडकून तुटली म्हणायचं. यंत्राच्या डोक्यावर खापर फोडलं की यंत्र काही उलटून बोलत नाही.

रविवारी दहाच्या गाडीनं लिंबाजी आले. पांढरं धोतर, निळा फेटा, काखेत डफ. शेजारच्या सुलाबाईंनी गल्लीभर बातमी केल्यामुळं अंगणात पन्नासेक माणसं जमली. रंगनाथनं चौरंगावर वॉकमन ठेवला. घाईत आत कव्वालीचीच कॅसेट राहिली. कानाची पट्टी वायर गुंडाळून बाजूला ठेवली आणि बटन दाबलं.

लिंबाजींनी वॉकमनकडं वाकून पाहिलं, मग जावयाकडं पाहिलं, आणि डफावर थाप मारली.

दोन तास! कॅसेट थांबली की रंगनाथ गुपचूप उलटी करून लावायचा. म्हाताऱ्यानं गल्ली हलवली. बायका रडल्या, माणसं उठून नाचली, सुलाबाईंचं दूध उतू गेलं तरी त्या हलल्या नाहीत. शेवटचं गाणं संपलं तेव्हा सत्यशीला डोळे पुसत म्हणाली, "आता ऐकवा."

"आत्ता न्हाई," रंगनाथ म्हणाला. "कॅसेट गरम हाय. थंड झाल्याबिगर लावता येत न्हाई."

"काय सांगायलाय!" सुलाबाई म्हणाल्या. "इस्त्री हाय का काय ती?"

"बरोबर हाय जावईबापूंचं," लिंबाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण मी ऐकतो जरासं." त्यांनी पट्टी फेट्यावरूनच चढवली, बटन दाबलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. "झ्याक! लय झ्याक आलंय."

रंगनाथ चक्रावला. म्हातारा वेडा झाला की यंत्राला पाझर फुटला?

तेवढ्यात सत्यशीलेनं पट्टी ओढून आपल्या कानाला लावली. क्षणभर ऐकलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आबा, तुमी उर्दूत कवा गायलात?"

रंगनाथनं सगळं कबूल केलं, मान डोलावल्यापासून. सत्यशीलेनं त्याच्याकडं असं पाहिलं, तसं ती शाळेत नापास पोराकडंही पाहत नसे.

"मला पहिल्याच नजरंला कळलं व्हतं," लिंबाजी म्हणाले. "भरून घ्यायच्या मशीनला लाल बटन असतंय. जलशात लय पाहिलेत."

"मंग दोन तास घसा कशाला फोडलात, आबा?"

"पन्नास माणसं बसली व्हती, बाई. मी काय मशीनसाठी गात असतो का?"

हसू आवरता आवरता त्यांना खोकला आला आणि आवाज जो बसला तो बसलाच. गुरुवारला चारच दिवस उरले होते. मग मात्र रंगनाथच्या तोंडचं पाणी पळालं. आपण ह्या माणसाचा आवाज फुकट उधळला, हे त्याला आता कळलं. सोमवारी त्यानं रजा टाकली, परभणीला जाऊन मुनीरभाईंपुढं हात जोडले आणि वॉकमनच्या बदल्यात, वर आणखी भर घालून, तो दोन चुलींएवढा टेप खांद्यावर घेऊन आला. एसटीत टेपला जागा मिळाली, हा उभा राहिला. घरी दर दोन तासांनी जेठीमध उगाळून सासऱ्याला त्यानं स्वतःच्या हातानं चाटवलं. म्हातारा मुकाट्यानं चाटत होता आणि डोळ्यांनी हसत होता.

मंगळवारी दुपारी घसा सुटला. पुरता नव्हे, पण सुटला. लिंबाजींनी सात गाणी म्हटली. आवाजाला चिरा पडल्या होत्या, आणि सत्यशीलेला तो आधीपेक्षाही गोड वाटला.

ऑपरेशन नीट झालं. आवाजही राहिला, फक्त आता तो मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तिथवर कॅसेट पोचते. एकीच्या दहा झाल्या, दहाच्या शंभर. चारठाणा, सेलू, पार परभणीपर्यंत लग्नांत, जयंतीला तीच लागते.

फक्त एक झालं. पहिल्या गाण्याआधी कॅसेटमध्ये रंगनाथचा घाबराघुबरा आवाज आला आहे, "सत्यशीला, हे आता खरंच चालू हाय का?" आणि पाठोपाठ सत्यशीलेचा, "चालू हाय. आता तुमचं बंद करा."

तेवढं कापून टाका म्हणून रंगनाथनं सगळ्यांच्या लय विनवण्या केल्या. पण परवा एका लग्नात तो पंगतीला बसला असताना मंडपातून फर्माईश आली: "गाणं ऱ्हाऊ द्या हो, पयलं तेवढंच परत लावा!"