आबांची ओवी आणि चार चॅनेलचा मिक्सर

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख महिन्यावरची दिली, आणि अजिनाथने त्यातले पहिले चौदा दिवस मिक्सर निवडण्यात घालवले. खरं तर सगळं तिथेच संपलं होतं. पण ते त्याला कळायला वेळ लागला.

झालं होतं असं, की अजिनाथचे वडील कोंडीबा, म्हणजे घरातले आबा, यांच्या स्वरयंत्रावर गाठ आली होती. गाठ साधी आहे, काढली की मोकळे, बोलताही येईल, असं डॉक्टर म्हणाले. गाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी हात वर केले. आता दुसऱ्या कुणाच्या वडिलांना गाता आलं काय आणि न आलं काय. पण कोंडीबांना बिरोबाची एक लांबलचक धनगरी ओवी येत होती, चांगली पाऊण तासाची. ती त्यांना चुलत्याने शिकवली होती. चुलता गेला, त्याच्या मागे बसून म्हणणारेही एकेक करत गेले, आणि सांगोल्याकडच्या सगळ्या भावकीत ती ओवी आता एकट्या कोंडीबांच्या गळ्यात उरली होती. नेमकी त्याच गळ्यात गाठ.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी ओवी रेकॉर्ड करायची, असं अजिनाथने ठरवलं. इथपर्यंत माणूस शहाणा होता. त्याची बायको ऋतुजा म्हणाली, मोबाईल आहे ना, आजच करून टाका. हे त्याला पटलं नाही. आबांची ओवी आणि मोबाईलवर? एकदाच व्हायची तर नीटच व्हायला पाहिजे. नीट म्हणजे माइक, आणि माइक म्हणजे मिक्सर, असं त्याने एका व्हिडिओत पाहिलं होतं. शिवाय अजिनाथ पडला जॉबर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बिघडलेले माग दुरुस्त करायचं त्याचं काम, त्याआधी कोंडीबाही तिथेच माग चालवायचे, आणि घर कारखान्याला लागूनच, त्यामुळे कामावर जायला दोन मिनिटंही लागायची नाहीत. यंत्र म्हटलं की तो खोलात शिरणारच. या वेळी इतका शिरला की वर यायचा रस्ताच सापडेना.

एक व्हिडिओवाला म्हणे दोन चॅनेल पुरतात, दुसरा म्हणे दोन चॅनेल घेणारा पस्तावतो. काही मिक्सर प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा साठवतात, काही सगळ्यांचा मिळून काला करतात, हे कळल्यावर तर त्याची झोपच उडाली. कोणता घ्यावा यावर त्याने चार दिवस काढले. गाणारे एकटे आबा, हे ऋतुजाने दोनदा सांगून पाहिलं. मग त्याने सल्ला घेतला तो गल्लीतल्या धनाजीचा. धनाजी लग्ना-वरातीत साउंड लावायचा, त्यामुळे स्वतःला ऐकू कमी यायचं, पण मत भक्कम.

"बारा चॅनेलच्या खाली बघूच नको," धनाजी म्हणाला.

"अरे, आबा एकटे हायत."

"आज एकटे हायत. उद्या पावणे बसले संगं, मग कुटं घालणार त्यांना?"

यावर अजिनाथने आणखी तीन दिवस विचार केला. इकडे कोंडीबा रोज सकाळी खाकरून गळा साफ करायचे आणि बिचारे विचारायचे, आज म्हणायची का रं? अजून मिक्सर ठरला न्हाय, असं उत्तर मिळालं की मुकाट चहा प्यायचे. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितला होता, तो ते मिक्सरसाठी जपत होते.

शेवटी चार चॅनेलचा ठरला. ऑनलाइन मागवला, तीन दिवसांनी आला. माइक लावला, ऋतुजाचा लॅपटॉप जोडला, कोंडीबांनी फेटा बांधला, कानावर हात ठेवला आणि ओवी उचलली. आवाज थोडा जाड झाला होता, पण काय लागला होता म्हणून सांगू. कस्तुराबाई, म्हणजे अजिनाथची आई, स्वयंपाकघरातून येऊन उंबऱ्यात बसून राहिली. पाऊण तासाने ओवी संपली तेव्हा ऋतुजाचेही डोळे भरले होते. अजिनाथने हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. आबांच्या आवाजामागे सारखी खटखट येत होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक क्षण थांबायला तयार नाही.

"मिक्सर डिफेक्टिव्ह हाय," अजिनाथ म्हणाला. त्याने ते रेकॉर्डिंग रागाने पुसून टाकलं आणि मिक्सर परत पाठवला.

बदली मिक्सर यायला पाच दिवस गेले. कोंडीबांनी पुन्हा फेटा बांधला, पुन्हा पूर्ण ओवी म्हटली. मध्ये दोनदा खोकला आला. हेडफोनमध्ये पुन्हा तीच खटखट, अगदी त्याच चालीची. एकाच कंपनीचे दोन्ही मिक्सर खराब निघावेत म्हणजे नशीबच फुटकं, असं म्हणून अजिनाथने तेही पुसलं. धनाजीने हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं आणि निदान केलं, की मिक्सर ओके आहे, घराला अर्थिंग नाही. झालं. दारासमोर खड्डा खणला. त्यात कोळसा टाकला, कस्तुराबाईचं लोणच्यासाठी आणलेलं खडे मीठ टाकलं, लोखंडी पाइप पुरला, आणि रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचं काम ऋतुजाकडे आलं. तिसऱ्यांदा ओवी झाली. आता आबांचा आवाज वरच्या सुराला जाऊन फाटत होता. आणि खटखट? ती पहिल्यापेक्षा स्वच्छ ऐकू येत होती. अजिनाथने डोक्याला हात लावला आणि तिसरंही पुसलं.

"महिन्यात मला तेवढंच एक काम होतं," तो ऋतुजाला म्हणाला, "आणि तेवढंच झालं न्हाय."

 ऋतुजाला मोबाईलची आठवण करून द्यायची होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ती गिळली.

गुरुवारी सकाळी आबांना दाखल करायचं होतं. सोमवारी त्यांना भेटायला थोरली लेक विजयमाला दुधनीहून आली. तिचा नवरा शेतकरी, वस्ती शेतातच. आल्या आल्या तिने कपाळाला हात लावून पाणी मागितलं. मग भावाची सगळी रडकथा ऐकली आणि म्हणाली, बघू तर खरं काय हाय ते. अजिनाथने तिच्या कानाला हेडफोन लावला आणि आबांना दोनच ओळी म्हणायला लावल्या. तिने नीट ऐकलं.

"बरं येतंय की," ती म्हणाली. "मागाचा आवाज तेवढा लई हाय."

"कुटल्या मागाचा?" अजिनाथने विचारलं.

विजयमालाने भावाकडे पाहिलं, मग ऋतुजाकडे, मग आईकडे. तिघंही खरंच विचारात पडले होते. तिने हाताने मागची भिंत दाखवली. त्या भिंतीपलीकडे चाळीस माग चालू होते.

हसू नका. सव्वीस वर्षं त्या भिंतीशी संसार केलेली माणसं ती. त्यांच्या लेखी तिथे शांतता होती. कारखान्यात कुठला माग कुठे ढिला झालाय हे अजिनाथ दारात उभा राहून नुसत्या कानाने सांगायचा, आणि त्याच अजिनाथने तीच खटखट तीन वेळा हेडफोनमध्ये ऐकून दोन मिक्सरांवर आळ घेतला होता. तो खाटेवर बसला. कोंडीबांनी मात्र एवढंच विचारलं, की मग त्या खड्ड्यातलं मीठ आता काढता यील का.

मंगळवारचा दिवस शांतता शोधण्यात गेला. माग थांबतात ते लाईट गेल्यावर, आणि लाईट गेली की मिक्सरही बंद. त्यावर धनाजीने स्वतःचा इन्व्हर्टर आणून लावला आणि सगळेजण लाईट जायची वाट बघत बसले. अकराच्या सुमारास गेली. सगळी एमआयडीसी गप्प झाली, आबांनी कानावर हात ठेवला, आणि तिसऱ्या मिनिटाला कारखान्याचा जनरेटर सुरू झाला. मग अजिनाथ मालकाकडे गेला आणि पाऊण तास माग बंद ठेवता येतील का म्हणून विचारलं. मालक म्हणाला, तुला माग चालू करायला ठेवलाय, बंद करायला न्हाय, आणि ऑर्डर परवा जायची हाय.

"बास झालं," विजयमाला म्हणाली. "उद्या आबांला घिऊन चला माझ्याकडं. तितं कुत्रंबी भुंकत न्हाय."

बुधवारी सकाळच्या गाडीने कोंडीबा, विजयमाला, ऋतुजा आणि मिक्सर मांडीवर घेतलेला अजिनाथ दुधनीला गेले. वस्तीवर खरोखर शांतता होती. चहूकडे तूर उभी, लाईट चालू, वारा पडलेला. अजिनाथने हेडफोन लावला तर माइकमध्ये आबांचा श्वास ऐकू येत होता. महिन्यात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. त्याने मान हलवली, कोंडीबांनी कानावर हात ठेवून ओवी उचलली, आणि चौथ्या ओळीला ते थांबले.

पुन्हा सुरू केली. सहाव्या ओळीला थांबले. तिसऱ्यांदा तर दुसऱ्याच ओळीला अडखळले आणि त्यांनी कानावरचा हात खाली घेतला.

"काय झालं आबा? दुकतंय का?" विजयमालाने विचारलं.

"दुकत न्हाय," कोंडीबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "ताल सुटतुय. गावाकडं ढोल असायचा. सोलापूरला आलो तवा ढोल कुटला? तीस वर्सं मागावर हुबं राहूनच म्हटली की. घरातबी त्यो भिंतीमागं चालूच असायचा. हितं मागं कायच न्हाय. पाय टाकावा तर पायरीच नसल्यावानी हुतंय."

विजयमालाला लगेच तोड सुचली. आधी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये माग आहेच की, ते लावा आबांच्या कानाला.  अजिनाथ वायरीची गुंडाळी उलगडत आणि पुन्हा करत राहिला.

"पुसलीत त्यांनी," ऋतुजा हळूच म्हणाली. "तिन्ही."

तेव्हा कुठे अजिनाथला समजलं की आपण काय करून बसलो. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आबांचा आवाज होता, ताल होता, सगळं होतं. ते त्याने स्वतःच्या बोटाने पुसलं होतं, स्वच्छ नाही म्हणून. उद्या सकाळी आबांना दाखल करायचं होतं. त्याला रडू आलं आणि ते लपवायला तो गोठ्याकडे गेला.

तिथे तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा पडला होता.  त्याने तो उचलला, सरपणातली बाभळीची दोन दांडकी घेतली आणि आबांच्या समोर येऊन बसला. खटॅक खट, खटॅक खट. हाताला सांगावं लागलं नाही. कोंडीबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली, पण नाही अशी.

"असा न्हाय. ह्यो लई सरळ चालतुय. माझा सात नंबरचा माग दुसऱ्या ठोक्याला जरा मागं ऱ्हायाचा. लंगडा हुता त्यो."

मागाचं लंगडणं काढण्यातच अजिनाथचं आयुष्य गेलं होतं. आता त्याने ते हाताने घालायला घेतलं. पहिल्यांदा जास्त झालं, मग कमी झालं, आणि पाचव्या-सहाव्या फेरीला बरोबर बसलं. कोंडीबांचा हात आपोआप कानावर गेला.

या वेळी ओवी थांबली नाही. आवाज जागोजागी फाटत होता, वरच्या सुराला तर नुसती हवाच यायची, पण ओळीमागून ओळ येत होती आणि चुकत नव्हती. अजिनाथचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मिक्सरपाशी हेडफोन लावून विजयमाला बसली होती. मध्येच तिने भावाकडे बघून खूण केली. मागाचा आवाज लई येतोय, कमी करू का? महिनाभर एका बटणाचाही निकाल न लावू शकलेल्या अजिनाथने ताल न सोडता लगेच मान हलवून नको म्हटलं.

पाऊण तास त्याने डबा बडवला. तळहाताला फोड आले, एक फुटलाही. शेवटची ओळ म्हणून झाल्यावर कोंडीबांनी हात वर केला, तसं त्याने दांडकी थांबवली. कोंडीबांना आता बोलायलाही जड जात होतं. ते जरा पुढे वाकले.

"आज माग बरा चालला रं," ते म्हणाले.

विजयमालाला मिक्सर बंद कसा करायचा हे कुणी दाखवलं नव्हतं. त्यामुळे तेही त्यात आलं.