चंद्रकलाबाईंचं वरण

कुलदीपचा फोन आला तेव्हा चंद्रकलाबाई सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. फोन घनश्यामभाऊंनी घेतला आणि नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. आपला चुलत भाऊ बंगळुरूहून बोलतो आहे हे दोन-चार शेजाऱ्यांनाही कळावं, एवढीच त्यांची माफक इच्छा असे.

"दादा, शनिवारी येतो, रविवारी जातो. हर्षाबी येऊन राहिली. खास असं काई करू नका," कुलदीप म्हणाला. "मले फक्त वैनीच्या हातचं वरन पायजे. अकरा वर्षांपयले केलं होतं ना, तसंच."

चंद्रकलाबाईंच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं.

अकरा वर्षांपूर्वी कुलदीप लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला, हर्षाला, घेऊन लाखनीजवळच्या या गावी आला होता. त्या दिवशी घाईगडबडीत वरणात मीठ घालायचं राहून गेलं. पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्लं. पण पंगतीला शेजारच्या गिरजाबाईही होत्या आणि मुकाट्याने काही करण्याची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळपर्यंत सारा गाव हसत होता. पुढे तर ती म्हणच होऊन बसली. सरपंचाच्या भाषणात दम नसला की लोक म्हणत, 'चंद्रकलाबाईचं वरन'. गावाची कबड्डीची टीम पहिल्याच फेरीत हरली की 'चंद्रकलाबाईचं वरन'. एकदा लाखनीच्या बाजारात एक साफ अनोळखी माणूस मोबाइलच्या नेटवर्कला तेच नाव ठेवत असलेला बाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला. त्या दिवशी त्या भाजी न घेताच घरी आल्या होत्या.

"आयकलं काय तुमी? टोमना मारून राहिले भाऊजी!"

"अवो, सहज बोलला तो."

"अकरा वर्ष ध्यानात ठेवून कोनी सहज बोलते काय?" चंद्रकलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आता आयका. पावने माह्या घरी जेवतीन. गिरजाबाईच्या समोर जेवतीन. आन् मीठ बरोबर आहे म्हनून तिच्या समोरच सांगतीन. नाईतर मी माहेरी जाते."

माहेर चार किलोमीटरवर होतं. तरीही घनश्यामभाऊ घाबरले, कारण चंद्रकलाबाई पूर्वी एकदा खरोखरच गेल्या होत्या आणि त्या आठ दिवसांत भाऊंना गॅस कुठून बंद होतो हेही सापडलं नव्हतं.

आठवडाभर तयारी चालली. चिन्नोर तांदूळ आला, पाटोडीसाठी बेसन दळून झालं, लंबी रोटीसाठी नवा मटका आणला. वरणाची तर तीनदा तालीम झाली. तिन्ही वेळा भाऊंना वाटीभर वरण पिऊन मिठावर मत द्यावं लागलं.

शनिवारी सकाळी वरठी स्टेशनवर पाहुणे उतरले. भाऊंनी त्यांना गाडीत घातलं आणि गावाच्या तोंडाशी पोचले, तोच टिकाराम किराणावाला दुकानातून उठून रस्त्यात आडवा उभा राहिला.

"चाय घेतल्याशिवाय कुठी चालले?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या गावात पाहुणा एका घरचा नसतो. त्याला चहाला बोलावणं हा प्रत्येक घराचा हक्क आहे आणि त्याने नको म्हणणं हा त्या घराच्या तीन पिढ्यांचा अपमान आहे. शिवाय एका घरी घेतला की दुसऱ्या घरी घ्यावाच लागतो. आणि चहा म्हणजे नुसता चहा असता तरी निभावलं असतं. चहाच्या आधी चिवडा येतो, त्यासोबत शेव, शेवेसोबत पापड, आणि 'घरचंच आहे, चाखून तर पाहा' म्हणून लोणचं. चहा शेवटी येतो, तोही बशीत सांडलेला.

टिकारामकडे घेतला म्हणून त्याच्याशी अबोला असलेल्या दादाजींकडे घेणं भाग पडलं. दादाजींकडे कुलदीपने चिवड्याची बशी हळूच बाजूला सरकवून पाहिली.

"समजलं मले," दादाजी घरच्यांकडे पाहून म्हणाले. "बंगलोरले मोठा साहेब झाला. आता आपला चिवडा त्याले कायले गोड लागन?"

कुलदीपने दोन बश्या खाल्ल्या. हर्षाने त्याच्याकडे असं पाहिलं, की दादाजींच्या सुनेला वाटलं नवराबायकोचं काहीतरी बिनसलं आहे.

घरी चंद्रकलाबाईंनी मटका चुलीवर पालथा घातला होता. सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवायचा, कोपरापर्यंत लांबवायचा आणि तापल्या मटक्यावर अलगद पसरायचा, हे काम गावात दोघींनाच जमे. दुसऱ्या गिरजाबाई. बारा रोट्या झाल्या, एक वाजला, दीड वाजला. पाहुण्यांचा पत्ता नाही. सामान घेऊन आधीच घरी आलेले भाऊ शोधायला निघाले आणि गिरजाबाईंच्या ओसरीवर थबकले. कुलदीप आणि हर्षा पाटावर बसून जेवत होते.

"चायलेच बलावलं होतं," गिरजाबाई पापडाचा तिसरा तुकडा कुलदीपच्या ताटात टाकत म्हणाल्या. "पन टाइम जेवनाचा झाला, मंग उपाशी कसं पाठवू? बरं कुलदीप, वरनात मीठ आहे ना रे बापा?"

"आहे ना काकू," कुलदीप बारीक आवाजात म्हणाला. "लय आहे."

ही बातमी पाहुण्यांच्या आधी घरी पोचली. चंद्रकलाबाईंनी बारा रोट्या फडक्यात गुंडाळल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा त्यांचं ओरडणं भाऊंना परवडलं असतं.

रात्रीचं जेवण तरी घरी होईल म्हणावं, तर युवक मंडळाचा अध्यक्ष अमर शाल-नारळ घेऊन हजर. मंडळाने बॅनरच छापून आणला होता, 'गावचे सुपुत्र, थोर रॉकेट शास्त्रज्ञ यांचा भव्य सत्कार'. कुलदीप वॉशिंग मशिनच्या कंपनीत तक्रारी घ्यायच्या विभागात होता. त्याने ते दोनदा सांगून पाहिलं.

"मोठी मानसं अशीच बोलतात," अमर माइकवर म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

दोन तास भाषणं झाली. त्यानंतर मंडळातर्फे भजी, मसालेभात आणि खारवलेल्या तळल्या मिरच्या. सत्कारमूर्तीने आग्रहाखातर सगळं खाल्लं, कारण अंगावर शाल असताना नाही म्हणता येत नाही.

रविवारी सकाळी कुलदीपचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. बोटातली अंगठी निघत नव्हती. हर्षा कोपऱ्यात त्याला दबक्या आवाजात रागावत होती.

"तू सांगत का नाहीस सरळ?"

"इथं सांगू? मी जित्ता असतानाच माह्या तेरवीले बसतीन सगळे!"

चंद्रकलाबाईंनी दारातून तेवढी कुजबुज पाहिली, शब्द कळले नाहीत. पाहुण्यांना आपल्या घरचं जेवण चुकवायचं आहे, त्याचीच ही मसलत, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी सरळ फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"चायले बलावाले आलो जी!" बाहेरून टिकाराम ओरडला.

"पावने झोपले आहेत!" आतून चंद्रकलाबाई ओरडल्या. पाहुणे त्यांच्यासमोरच उभे होते.

बारा वाजता ताटं मांडली गेली. साक्षीदार हवा म्हणून गिरजाबाईंना खास निमंत्रण गेलं होतं आणि त्यांना मागच्या दाराने आत घेण्यात आलं. वरण आधी चंद्रकलाबाईंनी चाखलं, मग भाऊंनी, मग पुन्हा चंद्रकलाबाईंनी. मीठ तंतोतंत होतं. अकरा वर्षांत असं वरण त्यांच्या हातून उतरलं नव्हतं.

कुलदीपने वरणभात कालवला. डोळे मिटून पहिला घास घेतला. घास तोंडात फिरला आणि मध्येच थांबला. चेहरा हळूहळू पडत गेला.

"वैनी," तो म्हणाला, "याच्यात तं मीठ आहे."

"आहे!" चंद्रकलाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. "आयकलं ना वो गिरजाबाई? आपल्या कानानं आयकलं ना? मीठ आहे म्हनते पावना!"

आनंदाने त्यांचे डोळे भरून आले होते. पण पाहुण्याचा हात ताटातून बाहेर आलेला पाहून त्या गोंधळल्या.

"काहून, जी? जास्त झालं काय?"

आता मात्र हर्षाला राहवलं नाही. "वहिनी, यांना बीपी आहे. वर्ष झालं. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंद केलंय. घरी मी तसं वरण करते तर यांच्या घशाखाली उतरत नाही. रोज ताटावर बसले की यांचं एकच, 'मीठ नव्हतं तरी गोड लागलं असं वरण मी एकदाच खाल्लंय, वैनीच्या हातचं.' त्या वरणासाठी आम्ही हजार किलोमीटर आलो. आणि कालपासून यांनी नऊ घरचा चिवडा खाल्लाय!"

चंद्रकलाबाई कधी पाहुण्याकडे, कधी वरणाच्या पातेल्याकडे पाहत राहिल्या. अकरा वर्षं ज्या वरणापायी त्यांना मान वर करता आली नव्हती, ते खायला एक माणूस एवढ्या लांबून आला होता. हसावं की रडावं हे त्यांना कळेना. मग त्यांना एकदम आठवलं. कुकरच्या तळाशी फोडणीआधीची, मीठ न घातलेली बरीच डाळ शिल्लक होती.

त्यांनी ती घोटली. लसूण-जिऱ्याची फोडणी दिली, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला, लिंबू पिळलं. मिठाचा डबा हर्षाच्या हातात नेऊन दिला, म्हणजे सवयीने हात जायला नको. कुलदीपने एक वाटी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी वाटी तोंडाला लावून पिऊन टाकली.

"हेच ते, वैनी," तो म्हणाला. "हेच."

गिरजाबाईंनी सारं पाहिलं, ऐकलं आणि हात धुऊन मागच्या दाराने तातडीने निघून गेल्या.

तीन वाजता पाहुणे निघाले तेव्हा अख्खा गाव रस्त्यावर होता. चहाचं नाव कोणी काढलं नाही. दादाजींनी कुलदीपच्या पाठीवरून असा हात फिरवला, जणू हा काही पुन्हा दिसणार नाही. टिकाराम मात्र गाडीच्या खिडकीत वाकला आणि इकडेतिकडे पाहून पुटपुटला, "गोळी कोनती घेतोस रे? मी अर्धीवाली घेतो. आमच्या घरी सांगू नोको." पुढच्या चौकात युवक मंडळाचा अध्यक्ष अमरही आपल्या वडिलांसाठी म्हणून तेच विचारून गेला. हर्षाच्या मांडीवर वरणाचा डबा होता आणि तो सांडू नये म्हणून ती वरठीपर्यंत हलली नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी, भर दुपारी, चंद्रकलाबाईंच्या मागच्या दाराची कडी वाजली. दारात गिरजाबाई उभ्या होत्या. पदराखाली पितळेचा गंज, म्हणजे छोटं पातेलं, लपवलेला होता.

"काल लाखनीच्या दवाखान्यात गेली होती वो," त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "सहजच. तं डॉक्टरनं हाताले पट्टा बांधला आन् मलेच झापलं. थोडंसं वरन दे."

चंद्रकलाबाईंनी गंज घेतला. आत गेल्या, दोन पावलं परत आल्या आणि पार फाटकाबाहेर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "कोनतं देऊ वो गिरजाबाई? मिठाचं का बिनमिठाचं?"

"हळू बोल ना माय!" गिरजाबाई दाराआड सरकल्या. आणि मग अगदी तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "अकरा वर्षांपयले केलं होतं ना तू... तसंच दे."